पायी पाहिलेली मुंबई आणि न पाहिलेले पाय

"डॉक्टर, औषध कमी द्या, पण चालायला सांगू नका," असे म्हणणारे रोगी मला आठवड्यातून दोन-तीन तरी भेटतात. मी त्यांना हसतो, दोन गोष्टी ऐकवतो आणि केसपेपरवर 'रोज ४५ मिनिटे चालणे' असे लिहून टाकतो. अठ्ठावीस वर्षे हे वाक्य लिहितो आहे. ते लिहिताना रोगी खुर्चीत बसलेला असतो आणि मीही खुर्चीतच बसलेलो असतो. तो कसा चालतो, किती चालू शकतो आणि कोठे थांबतो, हे मला माहीत नसते. ते किती महागात पडू शकते याचा धडा मला जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत मिळाला. तो लिहिण्याची परवानगी ज्यांची गोष्ट आहे त्यांच्याकडून घेतली आहे. "नाव तेवढे छापू नका," असे ते म्हणाले आणि लगेच हसून म्हणाले, "तसे छापले काय नि न छापले काय, गाव ओळखणारच." म्हणून येथे त्यांना नुसते 'सर' म्हणतो. आपल्या तालुक्यातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडून मराठी व्याकरण शिकले आहे.

झाले असे. इंदूरचे आमचे जुने स्नेही पतिपत्नी महाराष्ट्रात आले होते. त्यांच्या घरी मराठी चार पिढ्या टिकून आहे, पण मुंबई त्यांनी पाहिली होती ती विमानतळ ते लग्नाचा हॉल एवढीच. "या खेपेस मुंबई दाखवा, आणि ती गाडीतून नको, पायी," असा त्यांचा आग्रह. मी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत असताना ते शहर चपला झिजवून पाहिलेले, त्यामुळे वाटाड्या होण्याची हौस मलाही होती. सरांना सुगावा लागला तेव्हा तेही म्हणाले, "मी येतो. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या एकदा चढायच्या आहेत." असे आम्ही पाच जण निघालो. इंदूरकर पतिपत्नी, आमची सौ., सर आणि मी.

इंदूरकरांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढे त्यांचे काम आहे. गृहस्थ अतिशय उमदे. फक्त दर दहा मिनिटांनी इंदूरच्या स्वच्छतेचा विषय काढतात. स्वच्छ सर्वेक्षणात त्यांचे शहर २०१७ पासून सतत वरच्या जागी आहे, त्यामुळे वाद घालण्याची सोयही नाही. दुसरी त्यांची खोड म्हणजे मोबाइलवर पावले मोजणे. रात्री जेवण झाल्यावर आकडा ९,६०० असेल तर ४०० पावले खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारून पुरी करतात. मी त्यांची भरपूर थट्टा केली. दहा हजार पावलांचा हा आकडा काही वैद्यकशास्त्राने शोधलेला नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याच्या जपानी नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून जगभर चालला. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत वेगाने चालणे. पावलांचा हिशोब त्यात नाही. हे सारे मी मोठ्या ऐटीत सांगितले. पुढे त्याच पावलांच्या हिशोबाने माझी फजिती केली.

मुक्काम धोबीतलावाजवळच्या एका साध्या लॉजमध्ये होता. पहिल्या संध्याकाळी मी मंडळींना प्रथम मेट्रो सिनेमासमोर नेले. तेथे एका डॉक्टराचा पुतळा आहे. हजारो माणसे रोज त्याच्यावरून जातात, कोणी नाव वाचत नाही. ते डॉ. अकासिओ व्हिएगस, मूळचे गोव्याचे. माझ्यासारखेच रोगी तपासून पोट भरणारे गृहस्थ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका रोग्याला पाहताना त्यांना जांघेतल्या गाठी आणि ताप यांचा अर्थ उमगला आणि मुंबईत प्लेग आला आहे हे त्यांनी सांगितले. त्या काळी असे सांगणे सोपे नव्हते. प्लेग म्हटले की बंदरे बंद, व्यापार बंद. पण त्यांनी जे दिसले ते बोलून दाखवले. पुढे १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, तीही आमच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करीत असताना. आम्ही विद्यार्थी असताना ही गोष्ट अभिमानाने सांगत असू, जणू काही सुई आम्हीच टोचून घेतली होती!

तेथून प्रिन्सेस स्ट्रीटने समुद्राकडे निघालो. आता त्याचे नाव शामळदास गांधी मार्ग. हा रस्ता म्हणजे प्लेगने मुंबईला दिलेला रस्ता आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राची हवा शिरावी म्हणून त्याने घरे पाडून रुंद रस्ते काढले, त्यांतला हा एक. गंमत अशी की, रोग कोंदट हवेने होतो ही त्या वेळची समजूत चुकीची होती. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि तेही त्याच १८९८ साली कराचीत सिमों या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले. कारण चुकले, तरी उजेड आणि वारा मिळाला हे वाईट झाले नाही. क्षयरोगाच्या दृष्टीने तर चांगलेच झाले. मात्र ज्यांची घरे पाडली त्यांना वारा कोठे मिळाला, हा प्रश्न सरांनी विचारला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

प्रश्न विचारताना सर एका औषधाच्या दुकानासमोर उभे होते. आधी एका छत्रीच्या दुकानासमोर उभे होते. आम्हीही थांबलो. प्रवासाचा शीण असेल असे वाटले. मरीन ड्राइव्हला पोचल्यावर ते कठड्यावर बसले ते तासभर उठलेच नाहीत. समोर सूर्य बुडत होता, त्यामुळे कोणालाच उठावेसे वाटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खरी पायपीट सुरू झाली. महापालिका मार्गाने आझाद मैदान उजव्या हाताला ठेवीत निघालो. वाटेत कामा हॉस्पिटल दाखवले. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडूनच उपचार मिळावेत म्हणून १८८६ मध्ये ते सुरू झाले. मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८८८ मध्ये बांधून पूर्ण झालेली ही इमारत आम्ही विद्यार्थी असताना व्ही.टी. होती आणि सरांच्या तोंडी अजून 'बोरीबंदर'च आहे. रोज लाखो माणसे तेथून पळत बाहेर पडतात आणि एकही मान वर करून पाहत नाही. आम्ही पाच जणांनी माना वर करून पाहिले तेव्हा मागून दोन धक्के बसले.

दादाभाई नवरोजी रोड मला मुंबईतल्या सर्व रस्त्यांत आवडतो, आणि तो डॉक्टर म्हणून आवडतो. इमारतींच्या तळमजल्यावर कमानींचा सलग आसरा आहे. डोक्यावर ऊन नाही, पावसाळ्यात पाणी नाही. पायी चालणाऱ्याचा विचार आधी करून मग इमारत बांधायची, ही कल्पनाच आपल्याला आता नवी वाटते. कमानीखाली फेरीवाले बसलेले असतात, त्यामुळे अंग चोरून जावे लागते हे खरे. पण घड्याळांचे पट्टे, जुनी नाणी, चष्म्याच्या फ्रेमा, मोबाइलची आवरणे असे काय काय पाहत माणूस एक किलोमीटर कधी चालला हे कळत नाही.

सर तर फारच रमले होते. नाण्यांपुढे थांबले. चष्म्यांपुढे थांबले. एका बंद दुकानाच्या काचेपुढेही थांबले. आमची सौ. मला हळूच म्हणाली, "आत तर काहीच नाही, सर बघताहेत काय?" मी म्हणालो, "पाटीवरचे शुद्धलेखन बघत असतील." सगळे हसले. सरही हसले.

फ्लोरा फाउंटनला पोचलो. १८६४ चा तो कारंजा आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक. सरांचे वडील त्या आंदोलनात सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. ते स्मारकापुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. तेथून हॉर्निमन सर्कल आणि समोर एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत, ते उंच खांब आणि त्या प्रसिद्ध तीसेक पायऱ्या. ज्या पायऱ्यांसाठी सर आमच्याबरोबर आले होते त्या समोर होत्या.

सर म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी बागेत बसतो."

मी अजून हसण्याच्याच बेतात होतो. तेवढ्यात इंदूरकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक विचारू? सर दर अडीचशे पावलांनी थांबतात. मी सीएसटीपासून बघतोय. कधी दोनशे चाळीस, कधी दोनशे सत्तर. स्टेशनापासून फाउंटनपर्यंत सहा वेळा थांबले. तिथे बघण्यासारखे काही असो वा नसो."

वाचकहो, मला दरदरून घाम फुटला. हे वर्णन वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तोंडपाठ असते. पायाच्या रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या, आतून चरबीच्या थराने अरुंद झाल्या की विश्रांतीत रक्त पुरते. चालू लागले की पोटरीच्या स्नायूंना जास्त हवे असते, ते मिळत नाही आणि पोटरीत कळ येते. ती ठरावीक अंतरावर येते. माणूस उभा राहिला की दोन-चार मिनिटांत जाते. पुन्हा तितकेच अंतर चालले की पुन्हा येते. चारचौघांत 'पाय दुखतो' म्हणायला संकोच वाटतो, म्हणून माणूस दुकानाच्या काचेत काहीतरी पाहत असल्याचा बहाणा करतो. जर्मन डॉक्टरांनी या आजाराला नावच 'दुकानाच्या काचेचा आजार' असे ठेवले आहे. आम्हाला हे शिकवताना वर्गात हशा पिकला होता. आणि मी परत एकदा त्याच गोष्टीवर हसत होतो.

बागेतल्या बाकावर सरांना बसवले आणि बूट काढायला सांगितले. मुलाने मुंबईसाठी म्हणून नवे बूट घेऊन दिले होते. मोजा उजव्या पायाच्या करंगळीपाशी ओला होता. फोड येऊन फुटला होता, कातडी निघाली होती. "दुखत नाही का?" मी विचारले. "कुठे?" असे म्हणून सर वाकून पाहू लागले. त्यांना पत्ताच नव्हता.

पंजा गार. घोट्याच्या खाली केस नाहीत, कातडी चकचकीत, पातळ. पायाच्या वरच्या बाजूला जी नाडी लागते ती उजव्या पायाला लागली नाही. घोट्याच्या मागची लागली नाही. डाव्या पायाची लागली, पण मंद. बोटांना हलकेच स्पर्श करून, डोळे मिटवून विचारले, तर सहांपैकी चार वेळा सरांना स्पर्श कळला नाही.

सर माझ्याकडे बारा वर्षे येतात. त्यांच्या केसपेपरवर रक्तातली साखर, तीन महिन्यांची सरासरी, रक्तदाब, वजन यांचे आकडे ओळीने लिहिलेले आहेत. शेवटची तीन महिन्यांची सरासरी ७.४ होती, म्हणजे काही अगदी वाईट नव्हे. त्या बारा वर्षांच्या कागदांत 'पाय' हा शब्द एकदाही नाही.

आता मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटली ते सांगतो. माझ्या दवाखान्याच्या दारावर पाटी आहे, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'. वडिलांच्या वेळेपासूनची पाटी. म्हणजे अठ्ठावीस वर्षे माझा प्रत्येक रोगी माझ्यापुढे अनवाणी उभा राहिला आहे. मोठमोठ्या इस्पितळांत मधुमेह्याचे बूट-मोजे काढायला वेळ नसतो अशी सबब डॉक्टर सांगतात. मला तीही सबब नाही. पाय उघडे, दोन हातांवर, आणि मी टेबलाच्या अलीकडून जीभ बघत बसलेला.

विड्यांचेही त्याच बाकावर कळले. सर मला पाच वर्षांपूर्वी "सोडल्या" म्हणाले होते. मी कागदावर 'सोडल्या' असे लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात दिवसाला सहा चालू होत्या. "तुम्ही रागावाल म्हणून बोललो नाही," ते म्हणाले. ज्या माणसाच्या छडीला अर्धा तालुका भीत असे, तो माझ्या रागाला भीत होता!

पुढचे भरभर सांगतो. टॅक्सी केली. माझा एक वर्गमित्र मुंबईत शल्यविशारद आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार केला. ही तपासणी स्वस्त आहे, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचे काम. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास येतो, ०.९ किंवा त्याखाली आला तर रोहिण्या अरुंद झाल्या असे समजावे. सरांचा उजवा ०.५८, डावा ०.८१. (काही मधुमेह्यांच्या रोहिण्या इतक्या कडक झालेल्या असतात की आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पुढच्या तपासण्या कराव्या लागतात.) हृदयाचीही तपासणी झाली, कारण पायाच्या रोहिण्या बिघडल्या म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्याही बिघडलेल्या असू शकतात. असे रोगी पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराने आणि पक्षाघाताने अधिक दगावतात. सरांचे हृदय सुदैवाने ठीक निघाले. जखम मात्र वेळेवर दिसली. जिथे रक्त कमी, जाणीव कमी आणि वर नवा बूट, तेथे आणखी आठ दिवस कोणी पाहिले नसते तर करंगळीवरच भागले असते असे माझा मित्र म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही लॉजमध्येच बसलो. तेथे दुसरी एक गोष्ट कळली. इंदूरच्या वहिनी आणि आमची सौ. या दोघींनी सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेतला नव्हता. विसरून नव्हे, ठरवून. "जायचे कुठे?" दोघींचे एकच उत्तर. मी पाच तास शहरातले पाणी, हवा, प्लेग यांवर व्याख्यान देत होतो, आणि बरोबरच्या दोन बायका तहान मारून चालत होत्या. मुंबईत बायकांनी २०११ पासून स्वच्छ आणि फुकट मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' या नावाने चळवळ चालवली आहे. नाव ऐकून आपण हसतो, विषय मात्र हसण्याचा नाही. चौथ्या दिवशी सौ.ला लघवीला जळजळ सुरू झाली आणि औषध मलाच लिहून द्यावे लागले. आपल्या बाजारपेठेत आठवडी बाजाराला खेड्यातून येणाऱ्या बायका काय करतात, हे वाचकांनी आपल्या घरच्यांना विचारून पाहावे. मी दवाखान्यात विचारू लागलो आहे. उत्तरे तीच आहेत.

मुंबईच्या फुटपाथांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, पण निदान फुटपाथ आहेत. आपल्या गावात मुख्य रस्ता दोनदा रुंद झाला, दोन्ही वेळा तो गाड्यांसाठी झाला. पायी माणसासाठी गटाराच्या झाकणांची ओळ आहे, आणि तीही मध्येमध्ये गायब. गावाबाहेर हजार पावलांचा जॉगिंग ट्रॅक केला आहे आणि तेथे चालायला लोक मोटारसायकलवरून जातात! ज्यांच्याकडे मोटारसायकल नाही किंवा ज्यांना रात्री एकटे जाता येत नाही, त्यांना मी '४५ मिनिटे चालणे' लिहून देतो तेव्हा त्या कागदाची किंमत काय? पूर्वी मला वाटे, लोक आळशी आहेत. आता वाटते, रोग्याला चाल म्हणणाऱ्या डॉक्टराने आधी एकदा त्याच्या घरापासून बाजारापर्यंत त्याच्याबरोबर चालून पाहावे. बसायला एक बाक नाही, सावलीला एक झाड नाही. ज्याची पोटरी दीडशे मीटरवर दुखते त्याने कोठे टेकावे? नगरपालिकेकडे मी मुख्य रस्त्यावर दर शंभर पावलांवर बाक आणि बाजारात बायकांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, एवढ्या दोन मागण्यांचा अर्ज दिला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत. अर्जाची प्रत दवाखान्यात ठेवली आहे.

चालताना पाय दुखतो म्हणणारा प्रत्येक माणूस या आजाराचा नसतो. गुडघा झिजला असेल तर उठतानाच, पहिल्याच पावलाला दुखते. कमरेतली शीर दबली असेल तर नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. ठरावीक अंतरावर पोटरीत येणारी आणि नुसते उभे राहिल्याने जाणारी कळ मात्र अंगावर काढू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने आणि मधुमेह्याने तर नाहीच. मधुमेह असलेल्यांचे पाय घरच्यांनी रोज रात्री पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. जाणीव पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. रोग्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने हलकेच, सेकंदभर स्पर्श करावा. दाबू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक वेळा कळले नाही तर डॉक्टरला दाखवावे. आणि वर्षातून एकदा डॉक्टर आपण होऊन पाय पाहत नसेल, तर सरळ टेबलावर पाय ठेवावा. त्याला राग आला तर माझे नाव सांगावे.

सरांची जखम भरायला सात आठवडे लागले. त्या काळात त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून त्यांना घरात बसवले आणि ते त्यांना तुरुंगासारखे झाले. विड्या सुटल्या, या वेळी मी त्यांच्या शब्दावर विसंबलो नाही, त्यांच्या पत्नीला विचारले. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि चरबीची गोळी सुरू झाली. "माझे कोलेस्टेरॉल तर चांगले आहे," असा त्यांचा वाद होता. पण या आजारात आकडा चांगला असला तरी ती गोळी द्यावी लागते, ती हृदयासाठी आणि मेंदूसाठी.

जखम भरल्यावर मी त्यांना चालायला सांगितले, तेव्हा गावात चर्चा झाली की डॉक्टरचे डोके फिरले. पाय चालल्याने दुखतो आणि हा चालायला सांगतो. पण या कळेवर चालणे हेच मोठे औषध आहे, फक्त ते मापाने घ्यावे लागते. कळ चांगली जाणवेपर्यंत चालायचे, उभे राहायचे, ती गेली की पुन्हा चालायचे. असे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, किमान तीन महिने. स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतात आणि आजूबाजूच्या बारीक वाहिन्याही थोडा भार उचलतात असे मानतात. शाळेच्या मैदानावर ते संध्याकाळी जातात. मीही आठवड्यातून तीनदा बरोबर जातो. दवाखाना अर्धा तास उशिरा उघडतो त्याचे कारण हे आहे, रोग्यांनी कंपाउंडरवर रागावू नये.

दवाखान्यातली पाटी आहे तेथेच आहे. आत एक बुटके स्टूल आणले आहे. मधुमेहाचा रोगी आला की प्रथम पाय त्यावर, मग जीभ. पहिल्या दोन महिन्यांत तीन जणांच्या पायाला अशा जखमा सापडल्या ज्यांची त्यांना स्वतःला वार्ता नव्हती. त्यांतले एक गृहस्थ माझ्याकडे नऊ वर्षे येत आहेत.

गेल्या रविवारी मैदानावर सर न थांबता नऊशे वीस पावले चालले. आकडा त्यांनी मोजला नाही, मी मोजला. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच इंदूरला फोन लावून दिला आणि मला म्हणाले, "सांगा त्यांना." इंदूरकरांनी आधी विचारले, "मोबाइलवर मोजले की तोंडी?" मग म्हणाले, हिवाळ्यात पुन्हा येतो, एशियाटिकच्या पायऱ्या राहिल्या आहेत. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "या. पण बूट जुने घालून या," ते म्हणाले, "आणि पावले तुम्हीच मोजा, डॉक्टरांचा हिशोब कच्चा आहे."